किंमत नेमकी कुणाला चुकवली?

इंदुरातल्या मराठी घरांत ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला तर तो फार लांबत नाही. कुणी धर्मांतराचं बोलतं, कुणी मिशनच्या शाळेतल्या शिस्तीचं कौतुक करतं, आणि मग एखादे काका ठेवणीतला मुद्दा काढतात : ‘ते सगळं ठीक आहे हो, पण पाप केलं यानं आणि क्रूसावर चढला तो, हा कुठला न्याय? आपल्याकडे ज्याचं त्यालाच भोगावं लागतं.’ माना डोलतात आणि विषय संपतो.

प्रश्न चांगला आहे. इतका चांगला, की खुद्द ख्रिस्ती धर्मपंडितांनी तो सोळाशे वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता. वाईट एवढंच, की आपल्याकडे तो प्रश्न म्हणून विचारला जात नाही, निकाल म्हणून सुनावला जातो.

आता दुसरी बाजू बघा. सरवटे बसस्टँडबाहेर हातात ठेवलं गेलेलं एक हिंदी पत्रक माझ्याकडे आहे. चार घड्यांचा पातळ कागद. पहिल्या घडीवर खोल दरी, अलीकडच्या कड्यावर हात पसरून उभा असलेला माणूस, पलीकडे ढगांत ‘परमेश्वर’, आणि दरीवर पुलासारखा आडवा टाकलेला क्रूस. आत क्रमांक घातलेली वाक्यं. परमेश्वर न्यायी आहे. पापाची सजा मृत्यू. सजा कुणीतरी भोगल्याशिवाय फाइल बंद होत नाही (शब्द माझे, भाव त्यांचा). येशूनं ती भोगली, आता तुम्ही फक्त मान्य करा. शेवटच्या घडीवर टिंबांची रेघ, नाव आणि तारीख लिहायला. ती रेघ पाहिली की बँकेतला फॉर्म आठवतो.

माझं म्हणणं असं, की काका आणि हे पत्रक एकाच पंक्तीला बसलेले आहेत. क्रूस म्हणजे एक हिशेब, हे दोघांनाही मान्य. एकाला तो जमलेला वाटतो, दुसऱ्याला चुकलेला. ख्रिस्ती परंपरेत हा हिशेब म्हणजे येशूच्या मरणाच्या अनेक उलगड्यांपैकी एक, तोही बराच उशिरा आलेला, आणि माझ्या मते सर्वांत खोल तर नाहीच. मी स्वतः ख्रिस्ती नाही. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी 1887 साली काढलेल्या इंदूर ख्रिश्चन कॉलेजात शिकलो, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यात घर करून आहे, एवढाच माझा संबंध.

इ.स. 325 मध्ये नायसियाला आणि 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला धर्मसभा भरल्या. पुत्र पित्याच्या बरोबरीचा की खालच्या पायरीवरचा, यावर बिशपांनी एकेका शब्दासाठी भांडणं केली, काहींना हद्दपारी सोसावी लागली. त्यातून विश्वासाचा जो अंगीकार तयार झाला, तो आजही चर्चमध्ये म्हटला जातो. त्यात येशूच्या मरणाबद्दल काय आहे? तो आम्हां मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी खाली आला, पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या अमलात आमच्यासाठी क्रूसावर खिळला गेला. बस. त्या मरणानं तारण कसं घडतं याचा खुलासा तिथे नाही, आणि सर्व पंथांना मान्य असलेल्या कुठल्याही धर्मसभेनं तो पुढेही बांधून दिला नाही. बाकी बाबतींत इतकी काटेकोर असलेली मंडळी इथेच गप्प राहिली, हे मला अर्थपूर्ण वाटतं. त्यामुळेच उलगडे अनेक झाले आणि शेजारी शेजारी नांदले.

पहिली काही शतकं जो उलगडा जोरात होता, तो मराठी माणसाला परका वाटण्याचं कारण नाही. माणूस पापाच्या, मृत्यूच्या, सैतानाच्या बंदीत पडलेला. येशूनं स्वतःचा जीव देऊन त्याला सोडवून आणलं. मार्काच्या शुभवर्तमानात येशू स्वतःही पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून देण्याची भाषा करतो. हे वाचताना मला मंगळवेढ्याचे दामाजीपंत दिसतात. दुष्काळात पंतांनी बादशहाची कोठारं उघडून लोक जगवले. बेदरहून हुकूम सुटला, मुसक्या बांधून आणा. पंत वाटेत आहेत तोवर इकडे दरबारात विठू महार हजर. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. धान्याची सगळी रक्कम बादशहापुढे ओतली, पावती घेतली आणि गेला. पिढ्यान् पिढ्या कीर्तनात ही गोष्ट डोळे पुसत ऐकणाऱ्या समाजानं ‘एकाचं देणं दुसऱ्यानं कसं फेडायचं?’ असं विचारावं, याची गंमत वाटते. देवानं भक्ताचं देणं फेडलं म्हणून कर्माचा सिद्धान्त बुडाला, असं म्हणून कुणी बुवांना थांबवल्याचं ऐकिवात नाही.

पण या कथेतला व्यवहार नीट पाहिला पाहिजे. पैसे कुणाला दिले? बादशहाला. विठ्ठलानं विठ्ठलालाच पैसे मोजले नाहीत. देणेकरी भक्त, घेणेकरी बादशहा, सोडवणारा देव, असे तीन पक्ष तिथे आहेत. सरवट्याच्या पत्रकात मात्र घेणेकरीही देव आणि फेडणाराही देव. तिथे कथेचा श्वास अडकतो.

तो अडकतो हे चौथ्या शतकातच नाझियांझच्या ग्रेगरीला कळलं होतं. हा साधासुधा माणूस नव्हे. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप, 381 च्या धर्मसभेचं अध्यक्षपद काही काळ त्याच्याकडे होतं. एका प्रवचनात त्यानं सरळ विचारलं : ही खंडणी दिली कुणाला? सैतानाला म्हणावं, तर एका दरोडेखोराला देवाचा पुत्र किंमत म्हणून मिळतो, याहून लाजिरवाणं काय? पित्याला म्हणावं, तर आपण पित्याच्या बंदीत कधी होतो? आणि अब्राहामाच्या हातून त्याच्या मुलाचा, इसहाकाचा, बळीसुद्धा ज्यानं घेतला नाही, तो पिता स्वतःच्या मुलाच्या रक्तानं कसा सुखावेल? ग्रेगरीनं दोन्ही वाटा बंद केल्या. त्याच काळातला दुसरा ग्रेगरी, निसाचा, म्हणाला की देवत्वाचा गळ मानवी देहाच्या आमिषात लपवून सैतानाला पकडलं. कल्पना चटकदार आहे, पण देवाला फसवणूक करायला लावते.

पुढे 1098 च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म यानं घेणेकरीच बदलला. सैतानाचा काही हक्कच नाही, म्हणाला. पापानं हिरावला गेला तो देवाचा मान. तो भरून देणं माणसाकडे लागतं, पण ऐपत फक्त देवाची. म्हणून देव-माणूस हवा. यात त्या काळच्या सरंजामी युरोपातल्या मानापमानाची छाया आहे, असं पुष्कळ अभ्यासक म्हणतात. तरी अँसेल्मकडे येशूला शिक्षा होत नाही. त्याच्या मते भरपाई किंवा शिक्षा, दोहोंपैकी एकच. भरपाई झाली, म्हणून शिक्षेची वेळ आली नाही. साडेचारशे वर्षांनी, कायद्याचं शिक्षण घेतलेल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विननं भरपाईच्या जागी शिक्षा आणून बसवली : आपल्यावर यायचा देवाचा कोप येशूवर कोसळला. आमच्या पत्रकाचं घराणं हे. तेव्हा ‘ख्रिस्ती लोक असंच मानतात’ म्हणताना सोळाव्या शतकातला एक प्रवाह आपण दोन हजार वर्षांच्या गळ्यात बांधत असतो.

आणि काकांचा आक्षेप? तोही आतूनच उठला. बाराव्या शतकात पॅरिसचा धर्मपंडित आबेलार म्हणाला, निरपराधाचं रक्त किंमत म्हणून मागणं हे क्रूर आणि दुष्टपणाचं आहे. क्रूसावर देवाचं प्रेम दिसतं आणि ते पाहून माणूस आतून बदलतो, हेच तारण, असा त्याचा रोख. सोळाव्या शतकात सोसिनस या इटालियनानं आणखी नेमकं बोट ठेवलं : कर्ज माफ केलं म्हणता की वसूल केलं म्हणता? दोन्ही एकदम कसं होईल?

शिक्षेच्या उलगड्याला पवित्र शास्त्रात आधारच नाही, असं म्हणणं मात्र सोयीचं असलं तरी खरं नाही. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या 53 व्या अध्यायातला दुःखी सेवक इतरांच्या अपराधांसाठी घायाळ होतो. ख्रिस्त आमच्यासाठी शाप झाला, असं पौल हा प्रेषित गलतीकरांना पत्रात लिहितो. ही वाक्यं खोडता येत नाहीत. वजन कशाला किती द्यायचं एवढाच प्रश्न उरतो. मी वजन देतो ते येशूनं स्वतः सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्याला. आपला वाटा उडवून परतलेला धाकटा मुलगा लांबून येताना दिसतो तोच बाप धावत सुटतो, गळ्यात पडतो. मुलानं पाठ करून आणलेलं माफीचं भाषण अर्धंच राहतं, कारण बाप चाकरांना झगा, अंगठी, जोडे आणायला सांगत सुटलेला असतो. धाकट्यानं उडवलेली रक्कम थोरल्याकडून वसूल केली आणि मग मिठी मारली, असं तिथे घडत नाही. त्या गोष्टीत हिशेब ठेवणारा एकच आहे, तो थोरला भाऊ, आणि तो रुसून घराबाहेर उभा आहे. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र याचं पहिलं मोठं भाषण आहे. देवाची योजना हा विषय त्यातही आहे, पण भाषणाचा दणका वेगळ्याच गोष्टीत आहे : तुम्ही त्याला मारलंत, देवानं त्याला उठवलं. मारणारे एका बाजूला, देव दुसऱ्या बाजूला. (‘तुम्ही’ म्हणजे सगळे यहुदी, सर्वकाळचे, असा अर्थ लावून युरोपनं काय काय केलं, ते वेगळं सांगायला नको. कॅथलिक चर्चनं तो आरोप 1965 साली अधिकृतपणे नाकारला.)

मग किंमत कुणाला चुकवली? माझं उत्तर, कुणालाच नाही. क्षमेला किंमत पडते, पण ती घेणारा कुणी नसतो. ज्याचं नुकसान झालं त्यानं ते परत समोरच्याच्या अंगावर न फेकता स्वतःवर घ्यायचं, एवढीच ती किंमत. वैराच्या साखळीतला पुढचा वार आपल्यापाशी येऊन थांबू द्यायचा. क्रूसावर देवानं हे केलं असं ख्रिस्ती श्रद्धा म्हणत असेल, तर तिसऱ्या माणसाला नाहक लटकवल्याचा प्रश्न उरत नाही. ज्याचा अपराध झाला तोच सोसतो आहे. अर्थात त्यासाठी येशू आणि देव यांना वेगळं पाडून चालत नाही. नायसियाची ती शब्दाशब्दाची भांडणं इथे कामी येतात.

हे हवेतलं वाटू नये म्हणून आमच्या भागातलीच गोष्ट सांगतो. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासींमध्ये त्या काम करत. सावकाराच्या पाशातून सुटायचं तर बँकेचं कर्ज, बचत, एकी, हे त्या शिकवत होत्या, आणि ज्यांचा धंदा त्यामुळे बुडत होता त्यांना त्या खुपत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, भर दिवसा, प्रवाशांदेखत त्यांच्यावर चाकूचे वार झाले. वार एक-दोन नव्हेत, पन्नासच्या आसपास होते. मारणारा भाडोत्री होता, त्याला जन्मठेप झाली.

त्यांची धाकटी बहीणही नन. 2002 साली राखीपौर्णिमेच्या दिवशी ती इंदूरच्या तुरुंगात गेली आणि बहिणीच्या मारेकऱ्याला तिनं राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी कुटुंबानं आणि चर्चनं रदबदली केली, 2006 मध्ये तो सुटला, आणि नंतर केरळात जाऊन सिस्टरच्या आईवडिलांना भेटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी राणी मारियांना इंदुरातच ‘धन्य’ (संतपदाच्या अलीकडची पायरी) घोषित करण्यात आलं.

त्या राखीत काय घडलं ते बघावं. तिनं कुणाला काही चुकतं केलं नाही. कोर्टानं शिक्षा दिली होती, ती तो भोगतच होता. कायद्याचं काम कायद्यानं केलं. पण कोर्टाच्या हातात नसलेलं काहीतरी उरलं होतं, आणि ते त्या बाईनं स्वतःच्या खर्चानं केलं. ‘गुन्हा झालाच नाही’ असं ती म्हणाली नाही. ‘कुणीतरी मेल्याशिवाय मी शांत होणार नाही’ असंही म्हणाली नाही. क्रूसाचा अर्थ मला अँसेल्मच्या युक्तिवादापेक्षा इथे जास्त कळतो. आणि राखी बांधायची तिला सुचली, ती लॅटिन ग्रंथांतून आलेली नव्हे. ती याच मातीतली.

यावर एक आक्षेप आहे आणि तो काकांच्या आक्षेपाहून कितीतरी अवघड आहे. सोसण्याचा एवढा गौरव केला, की सोसायला सांगितलं जातं ते नेहमी दुबळ्यालाच. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘येशूनंही सोसलं’ म्हणून परत पाठवणारे पाळक असतात. पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर राहिलेल्याला ‘क्षमा करा’ म्हणणं सवर्णाला फार स्वस्त पडतं. हा धोका खरा आहे, आणि नुसत्या प्रेमाच्या भाषेनं तो टळत नाही. टळतो तो क्रूसाची दुसरी बाजू लपवली नाही तरच. क्रूस ही रोमन साम्राज्याची गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा होती; वर ‘यहुद्यांचा राजा’ अशी पाटी ठोकलेली होती. म्हणजे ती राजकीय हत्या होती, आणि पुनरुत्थान म्हणजे पिलाताचा निकाल वरच्या न्यायालयात फिरवला जाणं. मारणाऱ्याला मारणारा म्हटल्याशिवाय त्याला क्षमा करता येत नाही. रोमन कॅथलिक परंपरेत गुड फ्रायडेच्या उपासनेत एक जुनं गीत आहे. लोक रांगेनं पुढे जाऊन लाकडी क्रूसाच्या पायांचं चुंबन घेतात, दर माणसामागे सेवक पांढऱ्या फडक्यानं ती जागा पुसतो, आणि तेव्हा देवाच्या तोंडी शब्द असतात : माझ्या लोकांनो, मी तुमचं काय केलं होतं? त्या गाण्यात देव शिक्षा देणारा न्यायाधीश नाही, फिर्यादी आहे. दोन तासांच्या उपासनेत मला ही एक ओळ सगळ्या प्रवचनांहून भारी वाटत आली आहे.

मराठीत जे मोठे लोक ख्रिस्ताकडे गेले, ते कशानं गेले हेही पाहण्यासारखं आहे. नारायण वामन टिळकांना ओढून नेलं ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावरही तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत राहिले. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडात ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना माणसासारखं वागवणारं आश्रमाचं काम पाहिलं, येशू विहिरीपाशी जिच्याशी बोलला त्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकली, आणि 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांनी तिथल्या धर्मगुरूंशी आणि सिस्टरांशी सिद्धान्तांवरून मनसोक्त वादही घातले. पुढे कैक वर्षांनी, धर्म मिळाला होता पण ख्रिस्त नव्हता, असं त्यांनी लिहिलं, आणि तेव्हा पापक्षमेची जी भाषा त्यांनी वापरली ती पत्रकाच्या भाषेहून फार दूर नव्हती. तेव्हा ती भाषा कुणाला काहीच देत नाही, असं मी म्हणणार नाही. अपराधाच्या ओझ्यानं वाकलेल्या माणसाला ‘तुझी सजा भोगून झाली’ हे वाक्य खरोखर उभं करतं. फक्त त्या वाक्याआधी त्याला देवाची भीती घालावी लागत असेल, तर गडबड आहे.

आणि या भीतीपाशीच आमच्या राज्याचा कायदा येतो. मध्य प्रदेशानं 1968 साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. बळजबरीच्या व्याख्येत त्यानं मारहाणीच्या धमकीबरोबर दैवी कोपाची धमकीही घातली. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो वैध ठरवला. 2021 चा नवा कायदा आणखी कडक आहे. दैवी कोप कलमात बसवला, तर कॅल्विनचा सिद्धान्त सांगणारा पाळक तांत्रिकदृष्ट्या धमकी देतो आणि आबेलारचा सांगणारा देत नाही, असा विचित्र प्रसंग येतो. आणि हा फरक ठरवणार कोण, तर ठाणेदार. आमच्या घरी आजोबा गेले तेव्हा तेरा दिवस गरुडपुराण लावलं होतं. वैतरणी, तापलेली वाळू, यमदूतांचे आसूड, सगळं शेजारपाजारच्या लहान मुलांसकट आम्ही ऐकलं. दैवी कोपाचं एवढं तपशीलवार वर्णन त्या पत्रकात नाही. धर्मांतर नव्हतं म्हणून ते कायद्याबाहेर, हे मला समजतं. पण मग अडचण भीतीची नाहीच, माणूस कुठल्या बाजूला जातो त्याची आहे, असं सरळ म्हणावं.

पैसे देऊन, फसवून, हात पिरगाळून कुणाला कुठल्याही धर्मात ओढणाऱ्याला जरूर पकडा. देव रागावतो की धावत येऊन मिठी मारतो, याचा निवाडा मात्र कलेक्टर कचेरीत व्हायला नको. त्याला आपल्याकडे जुनी जागा आहे. 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे आठवड्या-आठवड्याला जाहीर वाद झाले. गर्दी जमायची, दोन्हीकडून प्रश्न व्हायचे, उत्तरं व्हायची, आणि नंतर ते छापूनही निघाले. इंदुरात तसे वाद झाले तर मी पहिल्या रांगेत बसेन, आणि पाळकांना नाझियांझच्या ग्रेगरीचा प्रश्न विचारेन. उलट त्यांनी मला दामाजीपंतांबद्दल विचारावं. विठूनं फेडलेल्या देण्याचं कर्मसिद्धान्तात काय होतं, याचं उत्तर माझ्याकडे अजून धड नाही.